तापलेली कढई, थर्मामीटर गन आणि एमिसिव्हिटी

कोरोनात कपाळावर धरायचे तसलीच पण जास्त रेंजची थर्मामीटर गन आता बेळगावात कुठंही बघायला मिळते, उद्यमबागेतल्या (इथला कारखान्यांचा भाग) फाउंड्रीत म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, गॅरेजमध्ये, मिठाईवाल्यांच्या भट्टीवर सुद्धा. आणि ज्याच्या हातात ती येते तो एकदा तरी चक्रावतोच. स्टीलच्या लखलखीत पातेल्यात पाणी खळाखळा उकळतंय, पातेल्याला बाहेरनं गन धरली तर आकडा येतो चाळीस-पंचेचाळीस. आता बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर, त्यामुळं इथं पाणी १०० ऐवजी ९७-९८ डिग्रीलाच उकळतं, ते मान्य, पण ४० ला तर नक्कीच नाही. मग "मामा, हे खोटं दाखवूलालंय बघा" असं म्हणून ती गन ड्रॉवरमध्ये जाऊन पडते.

गनचा काही दोष नसतो हो. तिला तापमान थेट कळतच नाही, तिला कळते फक्त समोरच्या पृष्ठभागावरनं येणारी इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची ऊर्जा, आणि त्यावरनं ती हिशोब करून आकडा सांगते. जगातली प्रत्येक वस्तू अशी ऊर्जा सोडत असते, तुम्ही, मी, समोरची भिंत, फ्रीजमधला बर्फ सुद्धा. पण किती सोडायची हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे वस्तू किती तापलीय, आणि दुसरी, जी आपण विसरतो, तिचा पृष्ठभाग कसला आहे. ह्या दुसऱ्या गोष्टीला आकडा दिलाय तो म्हणजे एमिसिव्हिटी, पाठ्यपुस्तकातली उत्सर्जकता. शून्य ते एक. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी ऊर्जा सोडता येते तेवढी सगळी सोडली तर १, काहीच नाही सोडली तर ०. आपली कातडी साधारण ०.९८, पाणी ०.९६, वीट ०.९ च्या वर, आणि पॉलिश केलेलं तांबं किंवा ॲल्युमिनियम मात्र ०.०५ च्या आसपास. म्हणजे तापमान अगदी तेच असलं तरी सोडलेल्या ऊर्जेत वीसपटीचा फरक!

हे आजचं नाही. १८०४ मध्ये जॉन लेस्ली ह्या शास्त्रज्ञानं एका चौकोनी डब्यात गरम पाणी भरलं, डब्याच्या बाजू वेगवेगळ्या, एक काजळीनं काळी केलेली, एक चकचकीत धातूची, आणि आत पाणी एकच असून काळ्या बाजूनं उष्णता भरपूर येते नि चकचकीत बाजूनं अगदी कमी हे दाखवून दिलं. पुढं १८५९ मध्ये किरखॉफनं त्याचं कारण नियमात बसवलं: ज्या तरंगलांबीची ऊर्जा पृष्ठभाग चांगली शोषतो तीच तो चांगली सोडतो. चकचकीत धातू इन्फ्रारेड शोषत नाही, परत फेकतो, म्हणून सोडतो पण कमी. आणि १८७९ मध्ये स्टेफाननं तापमानाचा भाग सांगितला, केल्विनमधलं तापमान दुप्पट झालं की ऊर्जा सोळापट.

आता पातेल्याकडं परत बघा. ते पातेलं म्हणजे इन्फ्रारेडसाठी आरसाच आहे. त्याच्याकडनं गनला जी ऊर्जा मिळाली त्यात पातेल्याची स्वतःची थोडी आणि समोरच्या भिंतीची, तुमच्या अंगाची अशी आदळून आलेली बरीच. गन बिचारी समजते की समोरची वस्तू ०.९५ वाली आहे, कारण बहुतेक स्वस्त गनमध्ये तेवढंच सेटिंग कायमचं घालून दिलेलं असतं, आणि त्या हिशोबानं ४० सांगते. उपाय सोपा आहे, पातेल्यावर वायरमनच्या काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवायचा, मिनिटभर थांबायचं आणि टेपवर गन धरायची. आकडा भराभर वर जातो, कारण टेप पातेल्याएवढीच तापते पण तिची एमिसिव्हिटी जास्त असते.

कुंदा, म्हणजे बेळगावची दूध आटवून केलेली मिठाई, करणाऱ्यांकडं हे फार छान बघायला मिळतं. कढईत दूध आटत आटत घट्ट तपकिरी व्हायला लागलंय, त्याच्यावर वाफेतनं न धरता जरा बाजूनं गन धरली तर आकडा बरोबर येतो, कारण दूध, खवा असल्या पदार्थांची एमिसिव्हिटी ०.९५ च्या जवळपास. तिथनं चार बोटं वर, कढईच्या घासलेल्या काठावर नेलं की आकडा धाडकन खाली. आणि त्याच कढईच्या बुडाला, जिथं वर्षानुवर्षाची काजळी बसलीय, तिथं परत खरा आकडा. एकच कढई, पण तीन ठिकाणी तीन गोष्टी!

फाउंड्रीत तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, १४०० डिग्रीच्या आसपासचं वितळलेलं लोखंड असतं, त्यावर स्लॅगचे म्हणजे मळीचे तुकडे तरंगतात, आणि ते तुकडे लोखंडापेक्षा जास्त उजळ दिसतात. नवीन पोरांना वाटतं स्लॅग जास्त तापलाय. तसं काही नाही, तापमान जवळपास सारखंच, पण स्वच्छ वितळलेल्या लोखंडाची एमिसिव्हिटी कमी नि स्लॅगची बरीच जास्त. म्हणूनच पोअरिंगच्या म्हणजे साच्यात ओतायच्या आधी, गनसारखंच लांबनं तापमान बघणाऱ्या पायरोमीटरवर विसंबून न राहता थेट लोखंडात बुडवून तापमान मोजायची टिप वापरतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे, कारण चुकीच्या तापमानाला ओतलं की कास्टिंग रिजेक्ट.

रंगाबद्दल एक गैरसमज मात्र काढायलाच पाहिजे. लोकांना वाटतं पांढरं म्हणजे कमी एमिसिव्हिटी. नाही. नेहमीचा पांढरा पेंट आणि काळा पेंट दोन्ही इन्फ्रारेडमध्ये ०.९ च्या आसपासच, फरक फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात. खानापूर, चिक्कोडी, निपाणीकडं एप्रिल-मे मध्ये ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं, नवा चकचकीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा ऊन बरंच परत फेकतो खरा, पण जेवढं शोषतो ते बाहेर सोडायची त्याची ताकद फार कमी, म्हणून तो तापतो आणि तापलेलाच राहतो. त्याच पत्र्यावर पांढरा पेंट मारला तर ऊनही परत जातं आणि साठलेली उष्णताही आभाळाकडं सुटत राहते. थंडीत निरभ्र रात्री गाडीच्या टपावर दव पडतं तेही ह्याच कारणानं, रंगवलेला टप आभाळाकडं इतकी ऊर्जा सोडतो की तो हवेपेक्षाही गार होतो. तीच गाडी झाडाखाली लावली तर टप बहुतेक कोरडा, कारण तिथं आभाळाच्या जागी झाडाची पानं येतात आणि ती स्वतःची ऊर्जा खाली पाठवत असतात.

आणि कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल पॅनेलचं काम बघणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. थर्मल कॅमेऱ्यात (तोही गनसारखाच इन्फ्रारेडवर चालतो) तांब्याची उघडी बसबार, म्हणजे वीज वाहून नेणारी पट्टी, गार दिसली म्हणून सगळं ठीक आहे असं समजून पुढं जाऊ नका, लूज नट-बोल्टमुळं जॉइंट भयंकर तापला असेल आणि चकचकीत तांबं तुम्हाला फक्त समोरची भिंत दाखवत असेल. जॉइंटला लागून असलेल्या वायरच्या इन्सुलेशनचं तापमान बघा, ते खरं सांगतं. नाहीतर पुढच्या शटडाऊनला, लाइन पूर्ण बंद करून, जॉइंटजवळ एमिसिव्हिटी जास्त असलेला आणि तेवढी उष्णता सोसणारा स्टिकर लावून ठेवा, म्हणजे पुढच्या तपासणीत आकडा भरवशाचा येईल.