वाहतूक आणि आरोग्यसेवेतील मोबाइल ॲप : विद्यार्थी-संशोधनाची पार्श्वभूमी

बस कधी येईल हे सांगणारे किंवा श्वासाची ताकद मोजणारे ॲप तयार करणे हा आज अनेक विद्यापीठांत नेहमीचा प्रकल्प झाला आहे. अशा प्रकल्पांकडे गंभीर संशोधन म्हणून पाहिले जाऊ लागले ते 2008 च्या सुमारास. जुलै 2008 मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले, त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, आणि विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम प्रयोगशाळेबाहेरच्या अनोळखी माणसांच्या हाती पोहोचण्याची वाट मोकळी झाली. तरीही जे प्रकल्प पुढे टिकले त्यांचा इतिहास पाहिला, तर ॲप लिहिण्यापेक्षा माहिती मिळवणे आणि निष्कर्ष पडताळून पाहणे यांतच विद्यार्थ्यांचा खरा कस लागला असे दिसते.

वाहतुकीच्या बाबतीत पाया आधी घातला गेला होता. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी 2005 मध्ये थांबे, मार्ग आणि वेळापत्रके एकाच ठरावीक साच्यात मांडण्याची पद्धत आणली. हाच साचा पुढे जीटीएफएस या नावाने जगभर रूढ झाला. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात तर बस नेमकी कुठे आहे हे दाखवणाऱ्या यंत्रणेवर 1990 च्या दशकापासूनच काम चालू होते. त्याच विद्यापीठात 2008 मध्ये ब्रायन फेरिस या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने वनबसअवे सुरू केले. थांब्याचा क्रमांक दिला की पुढची बस किती मिनिटांत येईल हे प्रवाशाला कळे, आणि स्मार्टफोन नसलेल्यांसाठी साध्या फोनकॉलची व एसएमएसची सोय होती. स्थापत्य अभियांत्रिकीत पीएच.डी. करणाऱ्या कॅरी वॉटकिन्स यांनी थांब्यांवरील प्रवाशांचा अभ्यास केला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ज्यांच्याजवळ ताजी माहिती होती त्यांची प्रत्यक्ष प्रतीक्षा सुमारे 2 मिनिटांनी कमी होती. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांना मात्र आपण प्रत्यक्षाहून अधिक वेळ ताटकळलो असे वाटत होते. एकाही बसचा वेग न वाढवता प्रवाशाचा त्रास कमी होतो, हे मोजून दाखवणे मला या संपूर्ण प्रवासातील सर्वांत मोलाचे काम वाटते.

त्याच काळात, फेब्रुवारी 2008 मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी नोकियाच्या साहाय्याने 100 मोटारी एका महामार्गावर दिवसभर फिरवल्या. चालक विद्यार्थीच होते आणि प्रत्येक मोटारीत जीपीएस असलेला फोन होता. रस्त्यावरील 2 ते 3 टक्के वाहनांत असे फोन असले तरी वाहतुकीचा वेग विश्वासार्हपणे काढता येतो, असे त्यातून दिसले. फोन सतत आपला ठावठिकाणा कळवत नसे. आखून दिलेल्या काल्पनिक रेषा ओलांडतानाच तो माहिती पाठवत असे. चालकाच्या खासगीपणाचा विचार मूळ रचनेतच केलेला होता, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून अभ्यासावी.

आरोग्यसेवेतील वाट अधिक अवघड होती, कारण तेथे चुकीच्या आकड्याची किंमत रुग्ण मोजतो. वॉशिंग्टन विद्यापीठातच 2012 मध्ये श्वेतक पटेल यांच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांनी स्पायरोस्मार्ट मांडले. रुग्णाने फोन हातभर अंतरावर धरून पूर्ण भरलेला श्वास जोराने त्याच्या दिशेने सोडायचा. मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजावरून हवेचा प्रवाह काढला जाई. 52 जणांवरील चाचणीत वैद्यकीय स्पायरोमीटरच्या, म्हणजे श्वासाची ताकद मोजणाऱ्या उपकरणाच्या, तुलनेत सरासरी त्रुटी 5.1 टक्के आली. नवजात बाळाची कावीळ ओळखण्यासाठीच्या बिलीकॅममध्ये, 2014 मध्ये, बाळाच्या अंगावर रंगांचे कार्ड ठेवून छायाचित्र घेतले जाई, म्हणजे खोलीतील प्रकाश बदलला तरी त्वचेच्या रंगाचा अंदाज बिघडू नये. या दोन्ही कामांत रुग्णालयातील प्रस्थापित तपासणी हीच कसोटी मानली होती. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमधील 2013 च्या स्टुडंटलाइफ प्रकल्पात तर 48 विद्यार्थी स्वतःच अभ्यासाचा विषय झाले, आणि 10 आठवडे त्यांच्या फोनमधून झोप, हालचाल व संभाषणाच्या नोंदी मिळवून त्या ताणाशी आणि गुणांशी ताडून पाहिल्या गेल्या. माणसांवरील अशा अभ्यासांना नीतिमत्ता समितीची मान्यता लागते, आणि सप्टेंबर 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय ॲपविषयी मार्गदर्शक सूचना काढल्यावर अभ्यासप्रकल्प आणि वैद्यकीय उपकरण यांतील सीमारेषा अधिक ठळक झाली.

पदवी मिळाल्यावर विद्यार्थी निघून जातो, पण वापरकर्ते तेथेच असतात. हा प्रश्न प्रत्येक यशस्वी प्रकल्पापुढे उभा राहिला. सिॲटल परिसरातील वनबसअवेचा कारभार 2013 मध्ये साउंड ट्रान्झिट या सार्वजनिक वाहतूक संस्थेने स्वीकारला, आणि त्याचा प्रोग्राम खुला असल्याने इतर शहरांनाही तो वापरता आला. स्पायरोस्मार्टच्या गटाने 2016 मध्ये स्पायरोकॉल पुढे आणले, ज्यात स्मार्टफोन नसलेला रुग्णही कोणत्याही फोनवरून कॉल करून श्वासाची चाचणी देऊ शकतो.