अडकलेला घास आणि पपईचा चीक

मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवण्याची युक्ती आपल्याकडील अनेक स्वयंपाकघरांत चालत आलेली आहे. पपईच्या चिकातील पपेन हे विकर प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडते आणि मांसाचे चिवट तंतू सैल पडतात. अन्ननलिकेत रुतून बसलेला मांसाचा घासही असाच विरघळवता येईल, ही कल्पना अमेरिकेत पुढे आली आणि १९४५ मध्ये तसा उपचार वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला.

येथे श्वासनलिकेत घास जाऊन जीव गुदमरण्याचा प्रकार अभिप्रेत नाही. अन्ननलिकेत घास अडकलेला माणूस बोलू शकतो, श्वास घेऊ शकतो. पण नलिका पुरती बंद झाली असेल, तर त्याला स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही. सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची ही स्नायूंची नळी निरोगी असताना नीट चावलेला घास सहज खाली ढकलते, त्यामुळे घास अडकला तर बहुधा तिथे आधीच काहीतरी बिघडलेले असते: आम्लामुळे पडलेला व्रण आकसलेला असतो, खालच्या टोकाशी पातळ कडे तयार झालेले असते, किंवा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींमुळे भिंतीला सूज आलेली असते.

कल्पना तशी वेडगळ नव्हती. जठरातील पेप्सिनला काम करण्यासाठी तीव्र आम्ल लागते आणि अन्ननलिकेत ते नसते. पपेनला मात्र आम्लाची गरज पडत नाही. अडचण एवढीच, की घासाचे मांस आणि रुग्णाचे मांस यांतला भेद पपेनला कळत नाही. धडधाकट भिंतीला श्लेष्म्याचे अस्तर वाचवते, परंतु तासन्‌तास दाबाखाली राहून रक्तपुरवठा कमी झालेल्या भिंतीला तो बचाव उरत नाही. शिवाय आतड्याला असते तसे बाहेरचे आवरण अन्ननलिकेला नसते, त्यामुळे तिला भोक पडले तर जंतुसंसर्ग थेट छातीच्या पोकळीत पसरतो. असे रुग्ण पुढील दोन दशकांत नोंदवले गेले आणि काही दगावलेही. विकराचे द्रावण फुप्फुसात उतरण्याचा धोका वेगळाच, आणि मांस मऊ करण्याच्या बाजारी भुकटीत मीठ मिसळलेले असल्यास रक्तातील सोडियमही वाढू शकते.

म्हणूनच आजची मार्गदर्शक तत्त्वे हा उपचार करू नये असे सांगतात. कोलासारख्या फसफसत्या पेयाचा घरगुती उपाय निदान निरुपद्रवी वाटतो. पण नेदरलँड्समध्ये ५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोला पिणारे आणि न पिणारे अशा दोन्ही गटांत सुधारणेचे प्रमाण सारखेच, ६१ टक्के, निघाले. बरेच घास आपणहून खाली उतरतात, हे त्यामागचे साधे कारण असावे.

जे उतरत नाहीत, त्यांच्यासाठी तोंडावाटे दुर्बीण घालून घास हलकेच जठरात ढकलतात किंवा बाहेर काढतात. लाळही गिळता येत नसेल तर हे काम ६ तासांच्या आत, एरवी २४ तासांच्या आत व्हावे, असा युरोपीय तज्ज्ञांचा दंडक आहे. याच वेळी शक्य असेल तर भिंतीचे बारीक तुकडे तपासणीसाठी घेतात, कारण इओसिनोफिलमुळे आलेली सूज दुर्बिणीतून वरवर पाहता कधीकधी दिसतच नाही.