सुरीची मूठ: शिंग, दाढ, हाड आणि पाकटाचं कातडं

कस्टम सुऱ्या बनवणारी मंडळी पात्याच्या स्टीलबद्दल जेवढी बोलतात ना तेवढीच मुठीबद्दलही बोलतात, आणि मुठीला काय काय लावतात ते बघितलं की चक्रावायलाच होतं. सांबरशिंग, म्हशीचं शिंग, जिराफाच्या पायाचं हाड, वॉर्टहॉग नावाच्या आफ्रिकन रानडुकराचा सुळा, मॅमथ या नामशेष झालेल्या हत्तीच्या भाऊबंदाची दाढ, पाकट (स्टिंगरे) माशाचं कातडं, शिंपला, आणि हो, वॉलरस या लांब सुळ्यांच्या समुद्री प्राण्याच्या लिंगातलं हाडसुद्धा. यादी केवढीही लांबली तरी केमिस्ट्रीने बघितलं तर माल तीनच प्रकारचा निघतो. हाड आणि दात म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांत अडकवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक स्फटिक, म्हशीचं शिंग आणि खूर म्हणजे आपल्या नखांतलंच केराटिन, आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट अधिक चिमूटभर प्रथिन. मग एक मूठ पडली तरी काही होत नाही आणि दुसरी तडकते, असं का? तर बऱ्याच वेळा त्याचं उत्तर त्या प्राण्याने ती वस्तू कशासाठी वापरली यात असतं.

आधी शिंगांचा घोळ मिटवू, कारण मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो. सांबर, चितळ यांची फाटे फुटलेली शिंगं चक्क हाडं असतात, ठरावीक काळाने गळून पडतात आणि परत नवी येतात. म्हशीचं किंवा मेंढ्याचं शिंग म्हणजे आतल्या हाडावर चढलेली केराटिनची टोपी, ती गळत नाही, वाढतच राहते. (काळवीट दिसायला हरणासारखं, पण शिंगाच्या बाबतीत ते म्हशीच्या पार्टीत.)

आता सांबरशिंग मुठीला एवढं का आवडतं ते बघा. जॉन करी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1979 मध्ये तीन हाडांची तुलना केली होती, हरणाचं शिंग, गायीच्या मांडीचं हाड आणि व्हेलच्या कानातलं हाड. शिंगात खनिज सगळ्यात कमी, साधारण 59 टक्के, मांडीच्या हाडात 67 आणि कानाच्या हाडात तब्बल 86. वाटेल की जास्त खनिज म्हणजे जास्त मजबूत, पण तोडायला लागणारी ऊर्जा मोजली तर शिंगाला मांडीच्या हाडाच्या साडेतीन पट लागली आणि कानाचं हाड मांडीच्या हाडाच्या साधारण आठव्या भागातच तुटलं. म्हणजे कडकपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. शिंगाने टकरा झेलायच्या असतात म्हणून त्यात कोलॅजन जास्त, कानाच्या हाडाला फक्त आवाजासाठी कडक राहायचंय, त्याला कोण धडकायला येणार? मूठ हातातून फरशीवर पडते तेव्हा ती एक छोटी टक्करच असते.

केराटिनच्या शिंगाची मजा वेगळी आहे, ते तापवलं की मऊ पडतं, दाबून सपाट करता येतं आणि थंड झालं की तसंच राहतं, म्हणजे प्लास्टिक यायच्या आधीचं प्लास्टिकच. घासताना जळक्या केसांचा वास येतो कारण केराटिनमध्ये गंधक असतं, आणि नकली शिंग ओळखायला तापवलेली सुई टोचून हाच वास बघतात. पण ते दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, त्यामुळे काही वर्षांनी खिळ्यांपाशी फट दिसायला लागते.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे पाकटाचं कातडं. त्यावर जे मण्यांसारखे दाणे दिसतात ते साधे खवले नाहीत, रचनेने ते चक्क दातच आहेत, आत डेंटिन (दाताचा मुख्य गाभा) आणि वरून इनॅमलसारखा कडक थर. माशाने अंगभर दातांचं चिलखत घातलेलं असतं म्हणा ना. जपानी काताना तलवारीच्या मुठीवर हे कातडं लावून वरून दोरी गुंडाळतात, दाण्यांमुळे दोरी सरकत नाही आणि घामेजल्या हातातही पकड सुटत नाही.

शिंपल्याचं थोडक्यात, त्याच्या आतल्या चकचकीत थरात अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाडीच्या चकत्या विटांसारख्या रचलेल्या असतात. ही जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास, म्हणून ते रंग दिसतात, त्यात रंगद्रव्य वगैरे काही नसतं. घासताना मास्क मात्र हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

आणि मग मॅमथ. शेवटचे मॅमथ आर्क्टिकमधल्या रँगल बेटावर साधारण 4000 वर्षांपूर्वी संपले, पण गोठलेल्या जमिनीतून त्यांचे सुळे अजून निघतात, काही निळसर, कारण जमिनीतलं लोह आणि हाडातलं फॉस्फेट मिळून व्हिव्हिअनाइट नावाचं खनिज बनतं जे हवा-उजेड लागला की निळं पडतं. दाढ तर अजून भारी, इनॅमल, डेंटिन आणि सिमेंटम (दाताचा हाडासारखा भाग) यांचे थर एकाआड एक, चरबट गवत दळायला बनवलेलं जातंच ते, पॉलिश केलं की त्याच थरांच्या लाटा दिसतात. अडचण एवढीच की जमिनीत पडून पडून बरंचसं कोलॅजन निघून गेलेलं असतं आणि दाढ भुसभुशीत, म्हणून व्हॅक्युममध्ये ठेवून तिच्यात रेझिन मुरवतात. गेलेल्या कोलॅजनचं काम प्लास्टिक करतं, त्यामुळे अशा मुठीला सरसकट 'नॅचरल' म्हणणं मला तरी पटत नाही.

1989 मध्ये साइट्स करारात (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) आफ्रिकन हत्तीला सगळ्यात कडक यादीत टाकलं, मॅमथ आधीच नामशेष म्हणून यादीत नाही, मग हत्तीचा दात मॅमथचा म्हणून खपवायला वाट मोकळीच. ओळखायचं कसं, तर आडव्या कापावर जाळीसारख्या रेषा असतात, बाहेरच्या भागात त्यांचा कोन हत्तीत 115 अंशांच्या वर आणि मॅमथमध्ये 90 च्या खाली. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाने ही कटकटच नको म्हणून मॅमथच्या दाताच्या विक्रीवरही बंधनं घातली.

वॉलरसच्या त्या हाडाला अलास्कात ऊसिक म्हणतात, ते 60 सेंटिमीटरपर्यंत भरतं, म्हणजे एकातून कितीतरी मुठी. कुत्र्यात, अस्वलात, बहुतेक माकडांत असं हाड असतं, माणसात नाही.

पण या धंद्यातली सगळ्यात विचित्र हाडं स्टेलरच्या सागरी गायीची, म्हणजे एका प्रचंड समुद्री सस्तन प्राण्याची. 1741 मध्ये गेऑर्ग स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने हा प्राणी पाहिला आणि 1768 पर्यंत तो शिकारीत संपलासुद्धा, 27 वर्षांत. सागरी गायींच्या कुळाची हाडं भरीव आणि जड, त्यामुळे कोरायला उत्तम, आणि बाजारात ती 'जलपरीचा हस्तिदंत' या नावाने विकली जायची. 2014 मध्ये संशोधकांनी बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावरून आलेल्या अशा हाडांचा डीएनए तपासला तर ती खरंच सागरी गायीची निघाली, आणि वय साधारण हजार वर्षं. स्टेलरने जिवंत सागरी गाय पाहिली होती ती रशियाच्या कमांडर बेटांवर, तिथून कितीतरी दूर.