नऊ प्रश्न, सात प्रश्न आणि एक अर्थतज्ज्ञ : इंग्लंडमधल्या मोफत टॉकिंग थेरपीची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये चिंता किंवा नैराश्यासाठी मोफत थेरपी हवी असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) संकेतस्थळावर आपल्या जीपीचं, म्हणजे जिथे नाव नोंदवलं आहे त्या स्थानिक डॉक्टरचं, नाव घालून भागातली सेवा शोधायची, फॉर्म भरायचा किंवा फोन करायचा, आणि त्यांच्या फोनची वाट पाहायची. त्या पहिल्या बोलण्याआधी दोन प्रश्नावल्या येतात, एक नऊ प्रश्नांची आणि एक सात प्रश्नांची. शिवाय नोकरी करता का, आजारपणाच्या रजेवर आहात का, सरकारी भत्ता मिळतो का, हेही विचारलं जातं. पुढे प्रत्येक भेटीच्या वेळी त्याच प्रश्नावल्या पुन्हा भराव्या लागतात.

नव्या माणसाला हे खटकतं. मन मोकळं करायला यावं आणि समोरच्याने आकडे मागावेत, वर नोकरीची चौकशी करावी, हा काय प्रकार? बहुतेक उत्तरं २००४ ते २००८ या काळात घेतलेल्या निर्णयांत सापडतात. मुळं मात्र त्याहून जुनी आहेत.

एनएचएस ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, पण तिच्यात बोलून करायच्या उपचाराला कोपऱ्यातलीच जागा होती. त्यात १९५२ मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी एक स्फोटक लेख लिहिला. मनोविकाराचे सौम्य रुग्ण दोनेक वर्षांत आपोआपच बरे होतात, सुमारे दोनतृतीयांश, आणि मनोविश्लेषणाने त्यात भर पडते याचा पुरावा नाही, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. पण थेरपीचा परिणाम मोजून दाखवा, ही मागणी तिथून जी मागे लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

मोजता येईल अशी थेरपी दोन बाजूंनी आली. भीतीवर टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपाय वर्तनोपचारवाल्यांनी घडवला. मॉड्स्लीतच आयझॅक मार्क्स यांनी १९७२ पासून परिचारिकांना हे उपचार शिकवायला सुरुवात केली. नीट प्रशिक्षण दिलं तर डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेली माणसंही ठरावीक त्रासांवर चांगले उपचार करू शकतात, हे त्यातून दिसलं. दुसरी बाजू फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांची. निराश माणसाच्या मनात आपोआप येणारे विचार पकडून तपासायचे, ही त्यांची पद्धत. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने ४१ रुग्णांवरच्या चाचणीत ती इमिप्रामिन या तेव्हाच्या प्रमुख औषधाच्या समोर ठेवली आणि ती सरस ठरली. या दोन धारा मिळून सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी थेरपी, तयार झाली. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिक ॲटॅकचं नवं स्पष्टीकरण मांडलं. छातीतली धडधड ही हार्ट ॲटॅकची खूण आहे, असा चुकीचा अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि चक्र सुरू होतं. क्लार्क हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

म्हणजे उपचार होता, पुरावा होता, पण माणसापर्यंत तो पोचत नव्हता. अनेक ठिकाणी मानसशास्त्रज्ञांकडची प्रतीक्षा महिन्यांत नव्हे, वर्षात मोजावी लागे. तोपर्यंत जीपीच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी, आणि नशीब असेल तर दवाखान्यात आठवड्यातून एकदा बसणारा समुपदेशक. २००० च्या एनएचएस योजनेत जीपींच्या मदतीला १,००० पदवीधर मानसिक आरोग्य कार्यकर्ते नेमायचं ठरलं. ही योजना आज फारशी कोणाला आठवत नाही, पण आजच्या पीडब्ल्यूपींचे, म्हणजे पहिल्या पायरीवरचा उपचार देणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांचे, पूर्वज तेच.

१९९९ मध्ये स्थापन झालेली नाइस ही संस्था कोणत्या आजारावर कोणता उपचार द्यावा, याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवते. डिसेंबर २००४ मध्ये तिने नैराश्य आणि चिंताविकार या दोन्हींवर तत्त्वं जाहीर केली. दोन्हींत थेरपीला ठळक जागा होती, आणि सौम्य त्रासाला आधी कमी तीव्रतेचा उपचार, नाही भागलं तर वरची पायरी, अशी रचना होती. कागदावर सगळं उत्तम. फक्त ते द्यायला माणसं नव्हती.

इथे अर्थतज्ज्ञ येतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे रिचर्ड लेयर्ड बेरोजगारीचे अभ्यासक, शिवाय मजूर पक्षाचे लॉर्ड. २००३ मध्ये ब्रिटिश अकादमीच्या एका कार्यक्रमात चहाच्या वेळी त्यांची डेव्हिड क्लार्क यांच्याशी गाठ पडली. (लेयर्ड यांचे वडील जॉन लेयर्ड युंगच्या, म्हणजे मनोविश्लेषणातून निघालेल्या, परंपरेतले मानसशास्त्रज्ञ. मुलाने मात्र सीबीटीचा झेंडा उचलला.) जून २००६ मध्ये लेयर्ड यांच्या गटाने नैराश्यावरचा अहवाल काढला. त्यात कळवळ्यापेक्षा हिशेब जास्त होता. आजारपणाच्या भत्त्यावर असलेल्यांपैकी १० लाखांहून अधिक लोक मानसिक त्रासामुळे तिथे आहेत, आणि हा आकडा बेकारभत्ता घेणाऱ्या एकूण लोकांपेक्षा मोठा आहे. थेरपीच्या एका कोर्सचा खर्च ७५० पौंड. भत्त्यावरच्या एका माणसापायी, बुडालेला कर धरून, सरकारला महिन्याला येणारा खर्चही ७५० पौंड. उपचारामुळे माणूस एक महिना जास्त कामावर राहिला तरी पैसे वसूल. मागणी होती १०,००० थेरपिस्टची.

पहिल्या फोनवर नोकरीबद्दल विचारतात ते या हिशेबामुळे. बहुतेक सेवांमध्ये रोजगार सल्लागार बसतो तोही यामुळेच. या जोडीवर थेरपिस्टांमधूनच सडकून टीका झाली आहे. उपचाराचा हेतू माणूस बरा करणं की त्याला भत्त्याच्या यादीवरून काढणं, हा त्यांचा प्रश्न अवाजवी नाही. मात्र रोजगार सल्लागाराची मदत ऐच्छिक असते. ती नको म्हटलं म्हणून थेरपी थांबत नाही.

सरकारने आधी दोन ठिकाणी प्रयोग केले, यॉर्कशरमधलं डॉनकास्टर आणि पूर्व लंडनमधलं न्यूहॅम. डॉनकास्टरने कमी तीव्रतेच्या उपचारावर भर दिला. प्रशिक्षित कार्यकर्ता, स्वतः करायचं साहित्य, आणि बरंचसं काम फोनवर. न्यूहॅमने समोरासमोरच्या सीबीटीवर जोर दिला. तिथेच एक महत्त्वाची गोष्ट तपासली गेली, ती म्हणजे लोकांनी जीपीला वळसा घालून थेट नाव नोंदवणं. भीती अशी होती की किरकोळ त्रास असलेले, बोलके, सुखवस्तू लोकच रांगेत घुसतील. झालं उलटं. स्वतःहून आलेल्यांचा त्रास जीपीने पाठवलेल्यांइतकाच तीव्र आणि जास्त जुना निघाला, आणि न्यूहॅमच्या मिश्र वस्तीचं प्रतिबिंब त्यांच्यात अधिक नीट पडलं. जीपीसमोर तोंड न उघडणारी माणसं फॉर्म भरून आली होती. आज चिठ्ठीशिवाय जाता येतं, ते न्यूहॅममुळे.

भेटीगणिक प्रश्नावलीचं मूळही याच काळात आहे. पूर्वी सुरुवातीला आणि शेवटी फॉर्म भरून घेत. मधेच सोडून गेलेल्यांचा शेवटचा फॉर्म कधीच मिळत नसे, आणि अशा लोकांना फायदाही कमी झालेला असे. त्यामुळे हाती आलेले आकडे सेवेला हव्याहून गोड दिसत. प्रत्येक भेटीला मोजलं तर माणूस केव्हाही गेला तरी शेवटचा आकडा हाती राहतो. या युक्तीमुळे थेरपी घेणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोकांची नोंद पूर्ण राहू लागली.

१० ऑक्टोबर २००७, जागतिक मानसिक आरोग्य दिन. आरोग्यमंत्री ॲलन जॉन्सन यांनी तीन वर्षांत वाढत वार्षिक १७.३ कोटी पौंडांपर्यंत जाणारा निधी, ३,६०० नवे थेरपिस्ट, ९ लाख लोकांवर उपचार आणि त्यातले निम्मे बरे, असं जाहीर केलं. २००८ मध्ये कार्यक्रम सुरू झाला. नाव भलतंच लांब : इम्प्रूव्हिंग ॲक्सेस टू सायकॉलॉजिकल थेरपीज. सगळे 'आयॅप्ट' म्हणू लागले. जानेवारी २०२३ मध्ये ते बदलून एनएचएस टॉकिंग थेरपीज झालं. जुनी कागदपत्रं आणि जुने थेरपिस्ट अजून आयॅप्टच म्हणतात, तेव्हा गोंधळू नये.

'निम्मे बरे' हे वचन गाठायला २०१७ उजाडलं. 'बरे' म्हणजे काय हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमचं वर्गीकरण त्याच मापाने होतं. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही नैराश्याची, सात प्रश्नांची जीएडी-७ चिंतेची. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, म्हणजे पहिलीची कमाल २७, दुसरीची २१. पहिलीत १० किंवा जास्त, अथवा दुसरीत ८ किंवा जास्त, म्हणजे उपचार लागण्याची पातळी. दोन्ही आकडे त्याखाली आले की 'बरे'. पहिलीत किमान ६ किंवा दुसरीत किमान ४ गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल धरतात.

आपल्याकडची माणसं इथेच फसतात. 'कसं चाललंय?' ला 'ठीक आहे' म्हणायची सवय फॉर्मवरही उतरते. चांगला दिवस असेल तर तेवढाच आठवून ० आणि १ भरले जातात, बेरीज ६ होते, आणि हातात एक माहितीपत्रक पडतं. चौदा दिवसांतले किती दिवस, एवढंच मोजून लिहावं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काही लिहिलं की समोरचा थांबून सविस्तर विचारतोच, ते त्याचं काम आहे. तसं लिहिलं म्हणजे लगेच रुग्णालयात टाकतील, ही समजूत चुकीची. आणखी एक : ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती), सामाजिक भीती किंवा जुना आघात यांचा त्रास या दोन प्रश्नावल्यांत नीट पकडला जात नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत, पण आपण बोललो नाही तर त्या निघत नाहीत.

पहिल्या पायरीवर बहुतेकांना पीडब्ल्यूपी भेटतो, म्हणजे डॉनकास्टरच्या कार्यकर्त्याची पुढची पिढी. साधारण अर्ध्या तासाच्या सहाएक भेटी, बऱ्याचशा फोनवर किंवा व्हिडिओवर, आणि मधल्या आठवड्यात करायचा गृहपाठ. बंद पडलेली कामं छोट्या तुकड्यांत परत सुरू करणं, काळजी करायला दिवसातली ठरावीक वेळ बांधून घेणं, अशा गोष्टी. गृहपाठ न करणाऱ्याला ही पायरी पोकळ वाटते, आणि ती तशी होतेही. वरच्या पायरीवर तासाभराच्या भेटी आणि बारा ते वीस बैठकांचा कोर्स असू शकतो. तिथे सीबीटीशिवाय नैराश्यासाठी समुपदेशन, नातेसंबंधांवरची थेरपी, जोडप्यांची थेरपी आणि आघातासाठी ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसह आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) हेही पर्याय असतात. आघातोत्तर ताण आणि सामाजिक भीती असेल तर खालची पायरी वगळून थेट वर जायला हवं. तसं झालं नाही तर विचारावं. नाइसच्या २०२२ च्या नैराश्यविषयक तत्त्वांत उपचारांची निवड रुग्णाशी बोलून करायला सांगितलं आहे, आणि त्रास कमी तीव्र असेल तर, रुग्णाची स्वतःची पसंती नसेल तोवर, सरसकट आधी गोळ्या देऊ नयेत असं म्हटलं आहे.

सगळ्यात मोठी मेख प्रतीक्षेच्या नियमात आहे. २०१५ पासूनचा मापदंड असा : ७५ टक्के लोकांचे उपचार नोंदणीपासून ६ आठवड्यांत आणि ९५ टक्क्यांचे १८ आठवड्यांत सुरू व्हावेत. घड्याळ पहिल्या उपचारभेटीला थांबतं. त्यामुळे पहिली भेट झटपट आणि दुसरीसाठी दोन-तीन महिने खोळंबा, असा प्रकार नियम न मोडता होऊ शकतो. तेव्हा पहिल्याच फोनवर विचारून घ्यावं, की पुढची भेट साधारण केव्हा, आणि फोनवर किंवा दिवसा यायची तयारी असेल तर ती लवकर मिळेल का.

लोक गळतात ते बहुधा साध्या कारणांनी. सेवेचा फोन लपवलेल्या क्रमांकावरून येतो आणि उचलला जात नाही. दोनदा भेट चुकली की नाव कमी होऊ शकतं. सेवा जीपीच्या नोंदणीवरून ठरते, त्यामुळे घर बदलून नवा जीपी घेतला की सेवाही बदलू शकते. विद्यापीठाच्या गावी नाव नोंदवलेले विद्यार्थी सुट्टीत परगावी गेले की हा घोळ होतो. जीपीकडे नावच नसेल तर आधी ते घालावं. त्यासाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाचे कागद सक्तीचे नाहीत, स्वागतकक्षातून काहीही सांगितलं तरी. दुभाषा मोफत मिळतो, पण तो फॉर्म भरतानाच मागितलेला बरा. घरच्या माणसाला दुभाषा म्हणून बसवलं की निम्म्या गोष्टी बोलल्याच जात नाहीत.

ही सेवा आणीबाणीसाठी नाही. जीव धोक्यात असेल तर ९९९. तातडीच्या मानसिक त्रासाला १११ लावून पर्याय २. तीव्र मनोविकार, बायपोलर किंवा मुख्यतः व्यसनाचा प्रश्न असेल तर दुसऱ्या विभागाकडे, म्हणजे दुय्यम (तज्ज्ञ) मानसिक आरोग्य सेवेकडे किंवा व्यसनमुक्ती सेवेकडे, पाठवतात. या दोन घरांच्या मधे अडकलेली माणसंही आहेत. टॉकिंग थेरपीसाठी त्यांचा त्रास फार गुंतागुंतीचा ठरतो आणि दुय्यम सेवेसाठी पुरेसा गंभीर ठरत नाही. या फटीवर कार्यक्रमाने अजून धड उत्तर दिलेलं नाही. अशा वेळी नकार लेखी मागून जीपीकडे परत जाणं, एवढाच खात्रीचा मार्ग उरतो.

आणि हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं. १९९९ पासून आरोग्याचा कारभार वेल्स आणि स्कॉटलंडकडे वेगळा गेला, त्यामुळे लेयर्ड-क्लार्क यांची ही रचना तिथे आलीच नाही. वेल्समध्ये २०१० च्या कायद्याने उभी राहिलेली स्थानिक प्राथमिक मानसिक आरोग्य सेवा आहे आणि तिची वाट वेगळी आहे. ब्रिस्टलमध्ये चालू असलेला कोर्स कार्डिफला राहायला गेल्यावर आपोआप सोबत येत नाही. घर हलवायच्या आधी थेरपिस्टकडून आतापर्यंतच्या भेटींचा सारांश लिहून घ्यावा आणि तो नव्या जीपीला द्यावा.