युरोपीय डीव्हीडीत सिनेमा कापलेला नसतो, तो पळत असतो

इटालियन वेस्टर्नच्या, म्हणजे इटलीत बनलेल्या काउबॉयपटांच्या, युरोपीय डीव्हीडी काही मिनिटांनी आखूड निघतात आणि संगीताची पट्टीही चढलेली ऐकू येते. त्यावरून ‘प्रसंग कापले, संगीत पुन्हा ध्वनिमुद्रित केलं’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं.

सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो, पाल (PAL) या युरोपीय टीव्ही पद्धतीची डीव्हीडी 25 चौकटींनी. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची 161 मिनिटांची इंग्रजी आवृत्ती पालवर साधारण 154 मिनिटं 34 सेकंदांत संपते. आवाजही तितकाच पळतो आणि सूर सुमारे 0.7 अर्धस्वर चढतो. म्हणजे पांढरी एकचा सा जवळजवळ काळी एकला टेकतो! संगीतकार एन्नियो मोरिकोनीच्या शीर्षक धूनमधली बासरी, ओकारिना आणि मानवी आवाज सगळेच सारखे चढतात. खरंच दुसरं ध्वनिमुद्रण असेल तर वाद्यं, त्यांचा क्रम किंवा ठहराव बदललेला सापडतो.

पडताळा सोपा आहे. मूळ 24 चौकटींच्या वेगाने चालणाऱ्या ब्ल्यू-रेवर 50व्या आणि 100व्या मिनिटाला येणारी दृश्यं डीव्हीडीवर 48व्या आणि 96व्या मिनिटाला आली, तर फरक फक्त वेगाचा. कात्री लागली असेल तर फरक एकाच जागी एकदम उडी घेतो.

संगीत ताडून पाहताना ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडीच्या आवाजाचा वेग 4 टक्के कमी करा. वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय घ्या. नुसता टेम्पो बदललात तर पट्टी चढलेलीच राहील. काही डिस्कवर सूर आधीच उतरवून दिलेला असतो, तिथे मात्र टेम्पोच बदलायचा.