पार्श्वभूमी : मांडवीकाठची सरकारी जमीन आणि ‘ऑफशोअर’ हा शब्द

पणजीत पाटोहून मिरामारकडे चालत निघालात तर उजव्या हाताला मांडवी नदी, आणि नदीला लागून जी जमीन येते ती बहुतेक सरकारी. सांता मोनिकाचा धक्का, पुलांखालची जागा, फेरीबोटीचा तळ, बंदर खात्याची इमारत, पुढे कांपालची कला अकादमी, मैदान. इतका मोठा नदीकाठ लोकांच्या मालकीचा असणे हे भाग्यच म्हणायचे. तरीही गेली वीस वर्षे या काठाच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की वाद होतो, आणि तो वाद मालकीपेक्षा वापराचा, मुख्यतः नदीत उभ्या कॅसिनो जहाजांसाठी होणाऱ्या वापराचा आहे. त्यामागे काय काय घडले, ते इथे मांडतो.

हा काठ पुष्कळसा माणसाने भरून केलेला आहे. १६३३-३४ मध्ये खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीतून, पणजी ते रायबंदर असा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांधरस्ता झाला, त्यावरून आजही वाहने जातात. १८२७ नंतरच्या काही वर्षांत वाळूच्या टेकड्या सपाट करून, दलदल बुजवून सरळ रस्ते आखले गेले आणि १८४३ मध्ये पोर्तुगीज गोव्याची राजधानी अधिकृतपणे पणजीत आली. तेव्हा शहराचे तोंड नदीकडे होते. आदिलशहाचा राजवाडा, बंदर, पुढे वैद्यकीय शाळा, सगळे पाण्याला धरून.

गोवामुक्तीनंतर, १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला आणि शहराने नदीकडे पाठ फिरवली. ५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला. १९९२ मध्ये नवा पूल सुरू होईपर्यंत पलीकडच्या काठावरचे बेती आणि पणजी यांमधली माणसे पुन्हा फेरीबोटीवर आली. भर पावसात छत्री मिटायची, फेरीची लोखंडी फळी धक्क्यावर आदळली की मागच्या स्कूटरवाल्यांच्या आधी पाय टाकायचा, हे त्या वर्षांत रोजचे होते. धक्क्याला वाट मोकळी असणे म्हणजे काय, हे त्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही.

सध्याच्या वादाची सुरुवात मात्र २००४ ची. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला आणि त्यासाठी थोड्या महिन्यांत कांपालचा चेहरा बदलला. बांबोळीला इस्पितळ हलल्यावर मोकळी पडलेली जुनी वैद्यकीय महाविद्यालयाची वास्तू महोत्सवाला मिळाली, आवारात मल्टिप्लेक्स उभे राहिले, नदीकडेचा पदपथ आणि दिवे झाले. काम देखणे झाले, यात शंका नाही. पण तारीख आधी ठरली आणि आराखडा तिच्या मागून धावला. २०१४ च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या, क्रीडा स्पर्धांना कांपालला पुन्हा बांधकाम झाले, २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांनाही कांपालच लागले. अशा एकेका सोहळ्याने काठाचा एकेक तुकडा घडवला.

आता मूळ गुंत्याकडे येतो. १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनांना परवानगी मिळाली. १९९६ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि ‘ऑफशोअर’ जहाजांवर टेबलावरच्या खेळांना मुभा आली. या शब्दाचा आपण घेतो तो अर्थ किनाऱ्यापासून दूर, समुद्रात. प्रत्यक्षात जहाजे आली ती मांडवीत, काठावरच्या बाकावर बसून त्यांच्या पाट्या वाचता येतील इतक्या अंतरावर. आज अशी सहा जहाजे नदीत आहेत.

समर्थकांचे म्हणणे असे की जहाज पाण्यावर आहे, जमिनीवर नाही, म्हणजे ते ऑफशोअरच. विरोधक म्हणतात की नदी म्हणजे समुद्र नव्हे. मला दुसरे म्हणणे पटते, पण पहिल्यामागे एक भौगोलिक कारण आहे ते टाळून चालणार नाही. मांडवीच्या मुखाशी आग्वादला रेतीचा बांध आहे. पावसाळ्यात तिथून जहाज नेणे इतके धोक्याचे की खनिज वाहणाऱ्या बार्जी (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) देखील कुंभारजुव्याच्या कालव्याने शेजारच्या जुवारी नदीत उतरत. २०१७ च्या जुलैत नदीत येऊ पाहणारे एक कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत रुतून बसले, ते पणजीकरांनी किनाऱ्यावर उभे राहून पाहिले. बारमाही धंदा चालवायचा तर जहाज आडोशाला हवे, आणि आडोसा म्हणजे शहरासमोरची नदी. त्यामुळे हलवण्याच्या घोषणा पुष्कळ झाल्या, हाती आली ती मुदतवाढ. तीही थोड्या थोड्या महिन्यांची, पुनःपुन्हा.

या मुदतवाढींचा काठाशी जो संबंध आहे, त्याची चर्चा फार थोडी झाली. जहाज पाण्यावर असले तरी त्याचे गिऱ्हाईक जमिनीवरून येते. त्याला तिकीट खिडकी लागते, ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींना धक्का लागतो, मोटारींना जागा लागते, स्वयंपाकघराचा माल आणि कचरा त्याच वाटेने चढतो-उतरतो. हे सगळे त्या सरकारी काठावरच होते. हजारो माणसांचा रोजगार आणि सरकारचा महसूल त्यावर आहे हे खरेच. पण काठावरच्या इतक्या जागेचा वापर बदलला तो कुठल्याही भू-वापर नकाशाने नव्हे. परवान्याच्या एका शब्दाने तो बदलला.

नियोजनाची चौकटही या बाबतीत अपुरी आहे. १९७४ च्या नगरनियोजन कायद्याखालचा बाह्यविकास आराखडा जमिनीला रंग देतो, म्हणजे कुठली जागा कशासाठी ते ठरवतो, पाण्याला नाही. भरती-ओहोटीच्या पाण्याला किनारपट्टी नियमन लागते, १९९१ च्या अधिसूचनेपासून. त्यात नदीकाठचा पट्टा भरतीरेषेपासून मोजतात. २०११ च्या नियमात तो १०० मीटर किंवा पात्राची रुंदी यांतले जे कमी तो होता, २०१९ च्या नियमात १०० चे ५० झाले. मोजणी कुठून करायची, हा पणजीत सोपा प्रश्न नाही, कारण काठ भरावाचा आहे, संरक्षक भिंत जिथे बांधली तिथे भरती थांबते. जहाज नांगरण्याची परवानगी पुन्हा तिसऱ्याच खात्याच्या कागदावर.

२०१६ मध्ये पणजी स्मार्ट सिटीच्या यादीत गेली, तेव्हा सलग नदीकाठ विहारमार्गाची भाषा पुन्हा आली. त्याच वर्षी मांडवी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६८ म्हणून घोषित झाली आणि धक्क्यांचे मोल आणखी वाढले. २०१९ च्या जानेवारीत मांडवीवरचा नवा पूल, अटल सेतू, खुला झाला, पुलांखालच्या सरकारी जागेत भर पडली. आता पुढचा आराखडा येईल तेव्हा पाहायचे ते एवढेच की धक्के त्यात दाखवले आहेत का, कोणता धक्का कोणाला, किती वर्षांसाठी, आणि रांग कुठे उभी राहणार. बेतीची फेरीबोट अजून तिथूनच सुटते, आणि पायी येणाऱ्याकडून ती पैसे घेत नाही.