प्रकाशाचा काचेतील वेग

निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला 2,99,792.458 किमी. असतो. 1983 पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर बांधली असल्याने तो आता मोजला जात नाही, गृहीत धरला जातो. काचेतील वेग मात्र काचेची घडण आणि प्रकाशाचा रंग यांनुसार बदलतो. निर्वातातील वेगाला माध्यमातील वेगाने भागले की अपवर्तनांक मिळतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी तो क्राउन काचेचा (कमी अपवर्तनांकाची प्रकाशीय काच) सु. 1.52, तर फ्लिंट काचेचा (जास्त अपवर्तनांकाची प्रकाशीय काच) सु. 1.62 आहे. हवेतील घट किरकोळ असते. कोल्हापूरच्या उंचीवर (साडेपाचशे मीटरच्या आसपास) 25° से.ला ती सेकंदाला जेमतेम 75 किमी. भरते.

अपवर्तनाचा (माध्यम बदलताना किरण किती वळतो याचा) नियम स्नेल यांच्या नावाने (सु. 1621) रूढ असला, तरी इब्न सह्ल यांच्या 984 च्या सुमाराच्या लेखनात तो भूमितीच्या भाषेत आढळतो; अग्रक्रम त्यांना देणेच सयुक्तिक ठरेल. खरा वाद पुढचा. देकार्त व न्यूटन यांच्या मते दाट माध्यमात वेग वाढतो, तर फेर्मा व हायगेन्झ यांच्या मते घटतो. दोन्ही गृहीतकांतून एकच नियम निघत असल्याने केवळ कोन मोजून निकाल लागणे शक्य नव्हते. 1850 मध्ये फूको यांनी फिरत्या आरशाच्या साहाय्याने पाण्यातील वेग हवेतल्यापेक्षा कमी असल्याचे दाखवले आणि निकाल फेर्मा व हायगेन्झ यांच्या बाजूने लागला.

अणू प्रकाश शोषून पुन्हा सोडतात म्हणून उशीर होतो, हे प्रचलित स्पष्टीकरण टिकणारे नाही. काचेतील इलेक्ट्रॉन येणाऱ्या तरंगाबरोबर आंदोलित होऊन स्वतःचे तरंग सोडतात. मूळ तरंगाशी त्यांची बेरीज होऊन कला (तरंगाच्या आंदोलनाची अवस्था) मागे पडते. वारंवारता तीच राहते, तरंगलांबी घटते (589 नॅनोमीटरची सु. 388).

कोल्हापुरातील महाविद्यालयांत अपवर्तनांकाचे मापन स्पेक्ट्रोमीटर (किरणांचे कोन मोजण्याचे उपकरण) व 60° प्रिझम वापरून होते. सोडियम दिवा सुरुवातीला लालसर असतो. तो पूर्ण पिवळा होईपर्यंत थांबावे. दुर्बीण आधी दूरच्या वस्तूवर केंद्रित (फोकस) करावी, मग टेबल समतल करावे. प्रिझम एकाच दिशेने हळूहळू फिरवत गेल्यास फटीची प्रतिमा सरकता सरकता थबकते आणि उलट फिरते. थबकते तेथे किमान विचलन (किरण सर्वांत कमी वळण्याची स्थिती). तो कोन 38° 54′ आला, तर अपवर्तनांक 1.520 आणि वेग सु. 1,97,200 किमी./से. वाचनात एका मिनिटाची चूक झाली, तर वेगात सु. 25 किमी.चा फरक पडतो. किमान स्थिती हुकली, तर विचलन नेहमी जास्तच येते, म्हणून वेग खऱ्यापेक्षा कमी निघतो. अंशांची चकती मध्यातून सरकलेली असू शकते, यासाठी दोन्ही व्हर्नियर (सूक्ष्म वाचनाच्या पट्ट्या) वाचावेत. शून्य ओलांडले असल्यास 360° मिळवण्यास विसरू नये.

या रीतीने मिळतो तो कलावेग (एकाच रंगाच्या तरंगाच्या शिखराचा वेग). प्रकाशाचे स्पंद गटवेगाने (तरंगांच्या समूहाच्या वेगाने) जातात, आणि रंगानुसार अपवर्तनांक बदलत असल्याने दृश्य प्रकाशासाठी काचेत गटवेग कलावेगापेक्षा कमी असतो. मायकेलसन यांना 1880 नंतरच्या दशकात हवेतील व कार्बन डायसल्फाइडमधील वेगांचे गुणोत्तर सु. 1.76 मिळाले, अपवर्तनांक मात्र 1.64 च्या जवळपास होता. रॅली यांच्या गटवेगाच्या विवेचनाने ही तफावत उलगडते. नेहमीच्या बोरोसिलिकेट क्राउन काचेत पिवळ्या प्रकाशाचा कलावेग सु. 1,97,600, तर गटवेग सु. 1,94,500 किमी./से. आहे.